मशीनची खूण

माझ्या अंगावर गोंदणाचे सत्तावीस ठिपके आहेत. शिवाय दोन्ही हातांवर तुळस, उजव्या मनगटावर विंचू आणि डाव्या दंडावर भावाचं नाव. हे सगळं मला विचारून, माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं. आता चौसष्टाव्या वर्षी आणखी तीन ठिपके काढले, आणि ते कशासाठी हे मला सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. मी काय दूधखुळी आहे?

झालं ते असं. फेब्रुवारीत माझ्या डाव्या छातीतली गाठ काढली. माझा मुलगा ज्ञानेश म्हणाला, "साधी गाठ आहे आई. चरबीची." बरं, म्हणलं. टाके सुकले तशी नवी टूम निघाली. आता पंधरा दिवस शेक घ्यायचा म्हणे. मी म्हणलं, शेकायला दवाखाना कशाला? आमच्या बार्शीकडं वाळूची पुरचुंडी तापवतात आणि शेकतात, काम झालं. माझी सून दिपाली हसली आणि म्हणाली, "मशीनचा शेक आहे तो आई." ती हसली खरी, पण तोंडानंच.

शेकाच्या आधी मापं घ्यायला म्हणून मला एका गारठलेल्या खोलीत नेलं. तिथं दिव्या नावाची पोरगी होती. वय पंचवीस असेल, चेहरा गोड, पण मानेवर कानापासून खांद्यापर्यंत उडती पाखरं काढून घेतलेली. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. आमच्या संत तुकाराम नगरच्या बागेत सकाळी आम्ही सात-आठ जणी बसतो, त्यात या टॅटूविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज माझा. आमचं गोंदण म्हणजे बाईचा दागिना. बाई गेल्यावर हातातल्या पाटल्या काढून घेतात, पण गोंदण तिच्याबरोबर जातं. आणि यांचं? आज पाखरू, उद्या नवऱ्याचं नाव, परवा ते नाव खोडायला पुन्हा दुकानात. नुसती थेरं!

तर ही दिव्या म्हणते, "आजी, हलू नका हं. छोटासा टॅटू करतेय. मुंगी चावल्यासारखं होईल."

"टॅटू? मला?"

"ठिपकाच आहे आजी."

"कशाला?"

ती दाराकडं बघायला लागली. दारात दिपाली उभी होती. दोघींचं काय नजरेनं बोलणं झालं देव जाणे. मग दिव्या म्हणाली, "मशीनला खूण लागते. रोज त्याच जागी शेक बसला पाहिजे ना."

एक ठिपका छातीच्या मधोमध, आणि दोन दोन्ही बाजूंना काखेखाली. मी जत्रेतल्या गोंदणारणी पाहिल्यात. त्या विचारतात, काय काढू गं, तुळस काढू का विंचू काढू. ही काही विचारत नव्हती. आणि काखेखाली गोंदलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. गोंदण लोकांना दिसावं म्हणून असतं. जे झाकूनच ठेवायचं ते काढायचं कशाला?

परत येताना गाडीत मी विचारलं, "पंधरा दिवसांच्या शेकाला जन्मभराची खूण? त्यांच्याकडं पेन नव्हतं का?"

"पेननं काढलेलं घामानं पुसतं आई," दिपाली म्हणाली.

"मग रोज काढा म्हणावं. एवढा पगार कशाचा घेतात?"

ज्ञानेश गाडी चालवत होता. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो हसून हसून बेजार होतो. त्या दिवशी त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी एकेक गोष्ट बघायला लागले. ज्ञानेश चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे. साठ माणसं हाताखाली. स्वतःच्या साखरपुड्याला अर्धी सुट्टी घेतलेला माणूस, त्यानं माझ्यासाठी महिनाभर सेकंड शिफ्ट मागून घेतली. का, तर सकाळी मला दवाखान्यात नेता यावं. चरबीच्या गाठीला एवढी मिजास? दिपालीचं तर विचारूच नका. आमचं मिठावरून, मोरीवरून, कपडे वाळत घालण्यावरून रोज वाजायचं. आता ती म्हणते, "आई, तुम्ही म्हणाल तसं." मी मुद्दाम भाजीला नावं ठेवली. म्हणाली, "उद्या वेगळी करते." सून अशी एकाएकी गोड होते तेव्हा काहीतरी पाणी मुरतंय, एवढं मला कळतं.

माझी फाईल आधी टीव्हीखाली असायची. ती कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. मी चौथी शिकलेय आणि कागद सगळे इंग्रजीत, तरी कुलूप! फोन आला की ज्ञानेश गॅलरीत जाऊन बोलायचा. मी गॅलरीत गेले की, "हो हो, नंतर करतो," आणि फोन बंद.

दवाखान्यातही तेच. बाहेर बाकांवर खूप बाया बसलेल्या असायच्या. कितीतरी जणींच्या डोक्याला स्कार्फ, भुवया पुसल्यासारख्या. मी विचारलं, "या अशा का गं?" तर दिपाली म्हणाली, "सगळ्या विभागांचे पेशंट इथंच बसतात आई." एखादी बाई माझ्याकडं वळून म्हणायची, "तुमचं कुठलं, मावशी?" की दिपाली मध्येच मोठ्यानं, "चरबीची गाठ!" आणि मला उठवून पाणी प्यायला न्यायची. एका सकाळी मी पाच वेळा पाणी प्याले. शेवटी मशीनवर झोपवलं तेव्हा शेकाकडं लक्ष कुठलं, सगळं लक्ष लघवीकडं.

मी सरळ विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं. "ज्ञानेश, मला काही मोठं झालंय का रे?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "काय आई, काहीतरीच तुझं!" आणि हसला. माझं पोरगं आहे ते. त्याचं हसणं मला माहीत नाही? ते हसणं त्याचं नव्हतंच.

मला कुणी जपावं, मऊ भात खायला घालावा, हे काही मी मागत नव्हते. माझ्या अंगात काय आहे ते माझ्या पोरानं माझ्याकडं बघून सांगावं, एवढंच मागणं. अंग माझं, गाठ माझी, आणि बातमी तेवढी सगळ्या जगाची? राग राग यायचा. आणि रागाच्या खाली भीती वाटायची, ती मी कुणाला दाखवली नाही.

आता सलिमाचं सांगते. सलिमा आमच्या समोरच्या दारात राहते, बावीस वर्षं. तिच्या नवऱ्याचं, मीरासाहेबांचं, गॅरेज आहे. माणसं अकलूजची, त्यामुळं बोलणं आमच्याच वळणाचं. सलिमा म्हणजे चौकशीची खाण. कुकरच्या शिट्ट्या मोजून ती सांगेल आज आमच्याकडं डाळ आहे का हरभरे. पण माझं एवढं ऑपरेशन झालं, बाईनं एक प्रश्न विचारला नाही! खिचडीचा डबा घेऊन यायची, "बरं वाटतंय ना दुर्गाताई?" म्हणायची आणि बसायचीसुद्धा नाही. मी म्हणलं, हिलाही सामील करून घेतलंय.

गोंदणावरून आमची जुनी थट्टा आहे. राहायला आली त्या वर्षी माझे हात बघून म्हणाली, "छान आहे, पण आमच्यात चालत नाही. अल्लानं जसं दिलं तसंच अंग परत न्यायचं." मीही काही कमी नाही. म्हणलं, "आमच्यात न गोंदलेल्या सुनेच्या हातचं पाणी सासू पीत नव्हती." तेव्हापासून ती मला पाणी देताना म्हणते, "घ्या, बिनगोंदणाचं." पण थट्टा थट्टेच्या जागी. गोंदणाच्या बाबतीत ती पक्की. तिची नात शिफा एकदा चिंचवडच्या जत्रेतून दंडावर चिकटवायचं फुलपाखरू लावून आली. साधं कागदाचं, दोन दिवसांत जाणारं. तर सलिमानं खोबरेल आणि काथ्यानं घासून घासून पोरीचा दंड लाल केला. मी मध्ये पडले म्हणून सुटली बिचारी.

शेकाचा सातवा दिवस होता. दवाखान्यातून आले, ज्ञानेश कंपनीच्या बसला गेला, दिपाली मुलांना आणायला शाळेत. ऑपरेशनपासून माझा डावा हात जड झालाय, म्हणून मी सलिमाला हाक मारली, "पिठाचा डबा तेवढा ओट्यावर ठेव गं." ती घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन आली. डबा उचलायला खाली वाकली, ओढणी घसरली, गाऊनचं वरचं बटण उघडं होतं. आणि मला दिसला. छातीच्या मधोमध एक ठिपका.

तीळ असेल म्हणाल. नाही. तीळ कातडीवर बसतो. गोंदण कातडीच्या आत असतं, हिरवटसर, काचेखालून बघितल्यासारखं. मी साठ वर्षं ते अंगावर वागवतेय, मला कुणी शिकवू नये.

पहिल्यांदा वाटलं, सापडली! लोकांच्या पोरींचे दंड घासते आणि स्वतः चोरून गोंदते. मला हसू यायला लागलं होतं. मग माझा हात आपसूक माझ्या छातीवर गेला. तीच जागा. तेवढाच ठिपका, तांदळाच्या कणीएवढासुद्धा नाही.

आणि माझं हसू तिथल्या तिथं गेलं. ही बाई हौसेनं गोंदणारी नाही. कुणी भीड घातली म्हणून नाही, आणि चरबीच्या गाठीसाठी तर नाहीच नाही. डॉक्टरनं साध्या शेकासाठी सुई काढली असती, तर हिनं दवाखाना डोक्यावर घेतला असता. सलिमा अंगाला ती सुई लावून घेईल ती एकाच गोष्टीसाठी, जिवावर बेतलं तर. घरच्यांनी फाईल लपवली, फोन लपवले, बाया लपवल्या. हिच्या अंगावरचा ठिपका लपवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी जाऊन दाराला कडी घातली.

"सलिमा, तुला आणखी दोन आहेत. काखेखाली."

तिनं ओढणी गच्च धरली. डबा ओट्यावर ठेवला. मग खाली फरशीवरच बसली.

"दुर्गाताई, ज्ञानेशनं मला कसम घातलीये. शिफाची. तुमच्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. माझं काय विचारायचं ते विचारा."

"तुझंच सांग."

"सात वर्षं झाली."

"तू अकलूजला गेली होतीस ते? तीन महिने फोन नाही, काही नाही, मी किती बोलले होते तुला आल्यावर!"

"अकलूजला नव्हते गेले. सांगवीला होते, भावाकडं. केस गेले होते सगळे. नंतर सहा महिने स्कार्फ बांधून तुमच्यासमोर फिरले, तुम्हाला वाटलं नमाजी झाले."

मला खरंच तसं वाटलं होतं. बागेत मी तसं बोललेही होते.

"मला का नाही सांगितलंस गं? समोरच्या दारात राहतेस."

तिनं माझ्याकडं बघितलं. "सांगितलं असतं तर माझ्या हातचा शिरखुर्मा घेतला असता त्या वर्षी? लोक म्हणतात, लागतं ते."

घेतला असता, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं कशाला बोलू? नसता घेतला. वाटी घेऊन, छान झालाय म्हणून, मागं बेसिनमध्ये ओतला असता.

"सुई लावायच्या आधी मी लई रडले," ती म्हणाली. "मीरासाहेब मशिदीत जाऊन विचारून आले. मौलाना म्हणाले, इलाजासाठी आहे, जान वाचवायला आहे, यात गुनाह नाही. तरी मी वर्षभर साबणानं घासायची. जाईना तो. आता आंघोळ करताना बघतसुद्धा नाही."

"आणि आजार कुठला?"

"माझा?"

"तुझाच विचारतेय."

"कॅन्सर," ती म्हणाली. मग उठली, ओढणी नीट केली, डब्यावर थाप मारली. "सात वर्षं झाली दुर्गाताई. पंधरा किलोचा डबा उचलते बघा." तिनं कडी काढली आणि गेली. माझ्याबद्दल खरंच एक अक्षर बोलली नाही.

त्या दुपारी मी जेवले, झोपले, मुलांना गोष्ट सांगितली. माझं मलाच नवल वाटलं. मनात ज्ञानेशला सुनवायची वाक्यं जुळवत होते. चांगली तिखट तिखट. त्यानं मला फसवलं होतं आणि मी त्याला पकडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. दिपालीच्या हातात पाण्याची बाटली. मी सोफ्यावर बसून राहिले.

"मी येणार नाही."

"आई, का? बरं नाही का वाटत?"

"मला काय झालंय ते सांग, मग येते."

"सांगितलं ना, चरबीची..."

"सलिमाच्या छातीवर जसा ठिपका आहे तसाच माझ्या छातीवर आहे."

त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. "चाचीनं सांगितलं?"

"तिनं तुझी शपथ पाळली. मला डोळे आहेत. तू मला आंधळी समजलास, वेडी समजलास."

"मी यांना म्हणत होते आई, सांगून टाका..." दिपाली बोलायला लागली.

"तू गप बस!" तो तिच्यावर ओरडला.

"तिला गप करू नकोस. तिचं तोंड तू दोन महिने दाबून ठेवलंस. आता तू बोल."

तो चपला घातलेल्या पायांनी तसाच आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "बाबांना सांगितलं होतं ना."

माझा नवरा, ज्योतीराम, अकरा वर्षांपूर्वी गेला. पोटाचा आजार होता. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर निघेल. डॉक्टरनं त्याला तोंडावर सांगून टाकलं, म्हणून त्यानं हाय खाल्ली, असं आमच्यात सगळे म्हणतात. भिंतीकडं तोंड करून झोपला आणि विसाव्या दिवशी गेला.

"डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं," ज्ञानेश म्हणाला. "मी सांगितलं होतं आई. बाबांनी विचारलं, मला वाटलं खोटं कशाला बोलायचं. मी माझ्या तोंडानं सांगितलं. आणि मग ते जेवलेच नाहीत."

अकरा वर्षं हे पोरगं एवढं ओझं घेऊन चाकणला जात होतं, येत होतं, आणि मला पत्ता नाही. मी संशयानं घरातलं कपाट न् कपाट हुंगणारी बाई! माझी तिखट वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"अरे वेड्या," मी म्हणलं, "तू सांगायच्या आधीच आठ दिवस त्याचं अन्न तुटलं होतं. तुला कळू नये म्हणून मी ताट पालथं करून मागच्या गल्लीतल्या गाईला घालत होते. बाप आजारानं गेला. तुझ्या बोलण्यानं नाही. ऐकतोस का? तुझ्या बोलण्यानं नाही."

त्याचे डोळे भरून आले होते, पण पाणी खाली पडू देत नव्हता.

"आता सांग," मी म्हणलं. "मी काही तुझा बाप नव्हे."

साठ माणसांवर ओरडणारा माणूस. माझ्यासमोर पुटपुटायला लागला. "आई, तुला..."

"हं."

"कॅन्सर आहे."

"मोठ्यानं बोल."

"कॅन्सर आहे आई तुला. पण लवकर सापडला, गाठ पूर्ण निघालीये, एवढे शेक पूर्ण केले की गोळ्या फक्त, डॉक्टर म्हणाले..."

तो पुढं भराभरा बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं. मी उठायला गेले आणि पुन्हा सोफ्यावर बसले. कालपासून मला माहीत होतं. माहीत होतं, माहीत होतं म्हणून तर ऐटीत बसले होते! आणि आता कळत होतं, मला काही माहीत नव्हतं. दोन महिने मी सगळ्यांची तोंडं वाचत होते, मला वाटायचं मी खरं शोधतेय. कसलं खरं? मला खोटं पडायचं होतं. कुणीतरी माझ्यावर वसकन ओरडून म्हणावं, दुर्गाबाई, तुम्ही फार संशयी आहात, काही झालेलं नाही तुम्हाला. एवढंच ऐकायला मी सगळ्यांच्या मागं लागले होते. ते म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

ज्ञानेश माझ्या पायाशी बसला. मी त्याचा हात धरला आणि गळा काढून रडायला लागले. शेजारीपाजारी ऐकतील, ऐकू देत.

थोड्या वेळानं दिपाली हळूच म्हणाली, "आई, साडेदहाची वेळ दिलीये त्यांनी."

"थांबू दे त्यांना," मी म्हणलं. "मला आत्ता कळलंय."